जुन्या एमजीबीची ब्रेकगळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याचा दिवस बहुधा फरशीकडे पाहूनच सुरू होतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली शहाबादी फरशीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला, की तो इंजिनाचा, डिफरन्शियलचा, क्लचचा की ब्रेकचा, हे ठरवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये. हा लेख एमजीबी या गाडीला धरून लिहिला आहे, कारण पुण्याच्या एरंडवण्यातील आमच्या पोर्चमध्ये १९६९ सालची उजव्या स्टिअरिंगची एमजीबी उभी असते आणि तिच्या ब्रेकचा प्रत्येक सांधा मी एकदा तरी उघडलेला आहे. इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची रचना याच धाटणीची असल्यामुळे, सुट्या भागांची मापे सोडली तर येथे दिलेली पद्धत त्यांनाही लागू पडते.

आमच्या गाडीसारख्या जुन्या एमजीबीला ब्रेकचे एकच सर्किट असते. म्हणजे एकाच मास्टर सिलिंडरमधून, पेडल ज्याचा पिस्टन ढकलते त्या मुख्य सिलिंडरमधून, निघालेला दाब चारही चाकांना जातो, आणि एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांना १९६८ च्या मॉडेलपासून दोन स्वतंत्र सर्किट मिळाली, आपल्या हाती येणाऱ्या गाड्यांना ती बहुधा नसतात. या मास्टर सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, पाऊण इंची व्यासाची आहे. त्याच्या पिस्टनवर १०० किलोचा जोर आला, तर नळ्यांमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो दाब तयार होतो. टायरमध्ये आपण जेमतेम दोन किलो हवा भरतो, हे लक्षात घेतले म्हणजे नळीवरील गंजाचा एक खड्डा काय करू शकतो याचा अंदाज येतो. त्यामुळे ‘थोडेसेच गळते आहे, दर आठवड्याला भरत राहू’ हा विचार ब्रेकच्या बाबतीत करू नये. गळती ठरली, की दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत गाडी जागची हलवू नये, आणि गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर ती टोइंग करून न्यावी.

डाग कशाचा आहे

एका स्टीलच्या वाटीत पाणी घ्यावे आणि कापसाच्या बोळ्याने डागातील दोन-चार थेंब टिपून त्यात पिळावेत. इंजिन ऑईल, गिअर ऑईल आणि ग्रीस पाण्यावर तरंगतात. नेहमीचे ब्रेक फ्लुइड ग्लायकॉल वर्गातील असल्यामुळे पाण्यात विरघळून जाते. आपल्याकडे त्याला सर्रास ब्रेक ऑईल म्हणतात आणि या नावानेच बरेच नुकसान केले आहे, कारण तो पदार्थ तेल नाही. पूर्वी एका गॅरेजमध्ये आमच्या गाडीच्या टाकीत कोणीतरी समजून-उमजून खनिज तेल ओतले होते. आठवड्याभरात आतले रबरी कप भिजलेल्या हरभऱ्यासारखे फुगले आणि ब्रेक लागला तो सुटेना. असे झालेले असेल तर फ्लुइड बदलून भागत नाही. सर्व रबर आणि सर्व होस पाइप काढून टाकावे लागतात आणि नळ्या स्पिरिटने धुवाव्या लागतात.

एमजीबीमध्ये क्लचसुद्धा याच फ्लुइडवर चालतो. त्याचा मास्टर सिलिंडर ब्रेकच्या मास्टरला खेटून बसवलेला असतो आणि त्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या पुढच्या टोपणावर, म्हणजे बेल हाउसिंगवर, असतो. म्हणून वाटीत थेंब विरघळला तरी तो ब्रेकचाच आहे असे गृहीत धरू नये. दोन्ही टाक्यांमधील पातळी पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि दोन दिवसांनी कोणती उतरली ते पाहावे. चाकांच्या आतल्या बाजूचा डाग जवळजवळ नेहमी ब्रेकचा असतो, परंतु मागच्या चाकापाशी एक चकवा आहे. हबचे ऑईल सील गेले असेल तर डिफरन्शियलचे तेल ड्रममध्ये उतरते आणि तेथेही तसाच ओलावा दिसतो. ते तेल दाट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि वाटीत ते तरंगते.

काम सुरू करण्यापूर्वी

पुण्यातील बहुतेक बंगल्यांच्या पोर्चला फाटकाकडे उतार दिलेला असतो, आणि मागचे काम करताना हँडब्रेक सोडावा लागतो, हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवावे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे घट्ट ठोकावेत. गाडी जॅकने उचलून नेहमी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, बसवावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग गाडीखाली घालू नये. घोडीवर बसल्यानंतर गाडीला हाताने चांगला हिसका देऊन पाहावा.

ब्रेक फ्लुइड रंग खाते. मडगार्डवर जाड गोधडी किंवा जुनी चादर पाणी मारून पसरावी आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी. थेंब सांडला तर पुसत बसू नये, आधी भरपूर पाणी ओतावे. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या अस्तरामध्ये, अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रममधील काळी भुकटी कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे.

पान्यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. या गाडीवर मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. नळीच्या अनेक नटांना ७/१६ इंची पाना लागतो, म्हणजे ११.११ मि.मी. त्यावर ११ चा पाना चढत नाही आणि १२ चा चढतो, पण नटाचे कोपरे मारतो. तोंडाशी खाच असलेला, नटाच्या सहापैकी पाच बाजूंना धरणारा ब्रेक नळीचा खास रिंग पाना मिळवावा. माझा पाना जुन्या बाजारात मिळाला. तेथे बुधवारी आणि रविवारी फिरण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना इंची पाने अजूनही हाती लागतात.

गळतीचा उगम शोधणे

थेंब पडतो ती जागा आणि गळती सुरू होते ती जागा एकच असेल असे नाही. फ्लुइड नळीच्या अंगाने, अॅक्सलच्या पाठीवरून किंवा पेडलच्या दांड्यावरून हातभर वाहत जाऊन सोयीच्या जागी टपकते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी संपूर्ण यंत्रणा धुऊन कोरडी करावी. टाकीपासून चाकांपर्यंतचा प्रत्येक सांधा ब्रश आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ करावा, फडक्याने पुसावा आणि एक रात्र वाळू द्यावा. त्यानंतर संशयित सांध्यांवर टाल्कम पावडरचा हलका थर उडवावा. चारही चाकांखाली आणि इंजिनाखाली पांढरे कागद अंथरून त्यांवर ‘पुढे डावे’, ‘मागे उजवे’ असे लिहून ठेवावे.

आता टाकी खुणेपर्यंत भरून एका व्यक्तीला चालकाच्या जागी बसवावे आणि पेडल जोराने दाबून पूर्ण एक मिनिट धरायला सांगावे. आपण टॉर्च घेऊन मास्टर सिलिंडरपासून निघावे आणि नळीच्या मागोमाग जावे. जेथून फ्लुइड येत असेल, तेथे पावडरीत ओली रेघ उमटते. पेडल काय सांगते तेही बसणाऱ्याने नीट सांगितले पाहिजे. पेडल कडक राहून कागदावर थेंब पडला, तर बाहेरची गळती लहान आहे. पेडल सावकाश खाली बसत जाते, परंतु कोठेही ओल नाही आणि टाकीची पातळीही तेवढीच आहे, असे असेल तर मास्टर सिलिंडरमधील मुख्य कप आतल्या आत दाब सोडतो आहे. पेडल मऊ लागते आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येते, तेव्हा यंत्रणेत हवा आहे किंवा मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे, फार मागे गेलेले आहेत.

एक प्रकार मात्र सहज सापडत नाही. काही एमजीबींना व्हॅक्यूमवर चालणारा स्वतंत्र सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, लावलेला असतो. त्याचे आतले सील गेले, की इंजिन आपल्या ओढीने ब्रेक फ्लुइड चक्क पिऊन टाकते. टाकी रिकामी होत जाते, फरशी कोरडी राहते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. सर्व्होची व्हॅक्यूम नळी काढून तिच्या आत फडके फिरवावे, ते ओले झाले तर सर्व्हो उघडावा लागेल.

उगम सापडला म्हणून तेवढाच भाग बदलून थांबावे का? माझे मत स्पष्टपणे नाही असे आहे. ग्लायकॉल फ्लुइड हवेतील बाष्प शोषते, आणि जे पाणी एका सिलिंडरच्या बोअरला गंजवते तेच बाकीच्या सिलिंडरांमध्येही पोहोचलेले असते. मागचे डावे व्हील सिलिंडर (चाकाचे शू ड्रमकडे ढकलणारे) बदलून गाडी चालवायला घेतली, पेडल पुन्हा कडक झाले, आणि वाढलेल्या दाबाने महिन्याभरात उजवे गळू लागले, हा अनुभव मी दोनदा घेतला. निदान एका अॅक्सलवरील दोन्ही बाजूंचे काम एकाच वेळी करावे आणि उरलेल्या प्रत्येक सिलिंडरचे रबरी बूट उचलून आत पाहावे.

मास्टर सिलिंडर

चालकाच्या पायाशी असलेला गालिचा ओला लागला, किंवा पेडलच्या दांड्यावरून चिकट ओघळ आलेला दिसला, तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले आहे. बॉनेट उघडून पेडल बॉक्सचे झाकण काढावे, पुशरॉड आणि पेडल यांना जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनची स्प्लिट पिन काढून पिन बाहेर घ्यावी, टाकीतील फ्लुइड पिचकारीने उपसून घ्यावे आणि मग नळी सोडवून दोन बोल्ट काढावेत. क्लेव्हिस पिनचे भोक झिजून लंबगोल झाले असेल तर पिनही बदलावी. पेडलची निम्मी ढिलाई तेथेच असते.

टेबलावर पांढरा कागद पसरून रबरी बूट काढावा, पुशरॉड दाबून धरून सर्क्लिप काढावी आणि पिस्टन, पातळ वॉशर, मुख्य कप, स्प्रिंग हे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडावेत. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढावा. रबरी कपाची पातळ कड नेहमी दाबाच्या बाजूला, म्हणजे फ्लुइड ज्या दिशेला ढकलले जाणार त्या बाजूला तोंड करून असते. हा कप उलटा बसवला तर ब्रेक लागतच नाही.

बोअर स्पिरिटने धुवावा आणि आत प्रकाश टाकून पाहावा. पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल अजिबात वापरू नये, कारण त्यांचा अंश राहिला तरी नवे रबर फुगते. आतली भिंत आरशासारखी असेल तर नुसते किट, म्हणजे नव्या रबरांचा संच, टाकून काम भागते. फिकट डाग असेल तर अगदी बारीक होनने (बोअर घासण्याच्या दगडाने) दोन-चार फेरे चालतात. मात्र बांबूच्या काडीचे टोक आत फिरवताना अडखळले, तर तो खड्डा आहे, आणि त्यावर कोणतेही नवे रबर टिकणार नाही. एका दुकानात मला ‘पॉलिश पेपर मारा, होऊन जाईल’ असा सल्ला मिळाला होता. पेपरने खड्डा जात नाही, उलट बोअर मोठा होतो आणि कप सैल पडतो.

अशा वेळी नवा सिलिंडर इंग्लंडहून मागवणे किंवा जुन्यात स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे आतली नवी नळी, बसवून घेणे, असे दोनच मार्ग उरतात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत स्लीव्हचे काम करणारे लेथवाले आहेत, परंतु त्यांना एक गोष्ट उभे राहून समजावून सांगावी लागते. टाकीतून बोअरमध्ये दोन भोके उतरतात. त्यांपैकी सुईच्या टोकाएवढे बारीक भोक मुख्य कपाच्या किंचित पुढे असते आणि पेडल सुटल्यावर दाब त्यातूनच टाकीत परततो. स्लीव्ह बसल्यावर ते भोक जुन्याच जागी पुन्हा पाडले पाहिजे आणि त्याची आतली धार गुळगुळीत केली पाहिजे. धार राहिली तर प्रत्येक ब्रेकला ती कपाची कड कापत जाते.

जोडणी करताना सर्व भाग ताज्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडवून मगच आत सरकवावेत. बसवल्यानंतर पेडलच्या तळव्यापाशी सुमारे ३ मि.मी. मोकळी चाल राहील असे पाहावे. ही चाल नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ते बारीक भोक झाकलेले राहते आणि गाडी चालता चालता ब्रेक आपोआप आवळत जातात.

नळ्या, नट आणि तांबट आळीचा मोह

लोखंडी नळ्या बाहेरून गंजतात, आणि त्यातही क्लिपखाली, सांध्यापाशी आणि मागच्या अॅक्सलवर पावसाळ्याचा चिखल साचतो तेथे अधिक गंजतात. नळी बोटाने चाचपावी. पापुद्रा सुटला किंवा खरवडल्यावर खड्डा दिसला, तर ती नळी पूर्ण बदलावी. मधला तुकडा कापून जोड देऊ नये. गळणाऱ्या सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे किंवा एम-सील थापणे हे पाण्याच्या नळाचे उपाय आहेत. ब्रेकचा सांधा नळीच्या पसरवलेल्या टोकाने, म्हणजे फ्लेअरने, धातूवर धातू दाबून बंद होतो, आणि तो गळत असेल तर फ्लेअर चिरलेला, तिरका किंवा मळलेला असतो.

कसबा पेठेत तांबट आळी असताना तांब्याची नळी सहज मिळेल, हा विचार पुणेकराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो करू नये. शुद्ध तांबे सततच्या कंपनाने कडक होत जाते आणि मग चिरते. भांडे घडवताना तांबट ते पुनःपुन्हा तापवून मऊ करतो ते याच कारणाने, पण गाडीखालच्या नळीला कोण तापवणार! तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची ३/१६ इंची ब्रेक नळी मागवावी. ती हाताने वळते आणि गंजत नाही. जुनी नळी समोर ठेवून तिच्याच वळणांनी नवी वळवावी, नट आधी नळीवर चढवावेत आणि मगच फ्लेअर पाडावा. क्रम चुकला तर नळी कापावी लागते, आणि तो प्रत्येकाचा एकदा चुकतोच. फ्लेअरचा आकार जुन्या टोकासारखाच हवा.

नटाच्या आट्यांबद्दल विशेष सावध राहावे. या गाडीवरील आटे ३/८ इंची, इंचाला २४ या मापाचे आहेत. आपल्या बाजारातील ब्रेकचे नट आणि जोड बहुधा १० मि.मी. मापाचे असतात. ३/८ इंच म्हणजे ९.५ मि.मी., त्यामुळे इंची नट १० मि.मी.च्या जोडात खडखडत जातो, थोडा आवळल्यासारखाही वाटतो आणि पूर्ण दाबाखाली आटे सोडून निसटतो. नाना पेठेत दुकानदाराने ‘एकच आहे, चालतं’ म्हटले, तरी जुना नट खिशातून काढून आटे जुळवल्याशिवाय घेऊ नये. नवा नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, आणि पाना फक्त अखेरच्या आवळणीपुरता वापरावा.

लवचीक होस पाइप पुढे दोन आणि मागे अॅक्सलकडे जाणारा एक, असे तीन असतात. वळवून पाहावे आणि तडे दिसले तर तिन्ही बदलावेत. होसचा षटकोनी भाग एका पान्याने धरून दुसऱ्याने नट आवळावा, म्हणजे होसला पीळ बसत नाही. तांब्याचे वॉशर नवे टाकावेत. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून होस टायरला घासत नाही याची खात्री करावी.

पुढचे कॅलिपर

कॅलिपरमधून, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पिस्टनांच्या घरातून, गळत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपरचा होस सोडवण्यापूर्वी पिस्टन बाहेर आणण्यासाठी गाडीच्याच पेडलचा दाब वापरावा. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर ते चेचते. दोन पिस्टनांमध्ये लाकडाची फळी ठेवून दोन्ही सारखे बाहेर येऊ द्यावेत. कॅलिपरचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट मात्र उघडू नयेत, त्याची गरज पडत नाही.

खाचेतील चौकोनी रबर बोथट काडीने काढावे, स्क्रू ड्रायव्हरने खाच ओरखडू नये. हे रबर फ्लुइड अडवण्याबरोबरच ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे खेचते, म्हणून ते कडक झालेले असेल तर गळती नसली तरी बदलावे. पिस्टनवरील क्रोमला खड्डे पडले असतील तर पिस्टन नवे, शक्यतो स्टेनलेस स्टीलचे, घालावेत. फ्लुइड लागलेले पॅड फेकून द्यावेत.

मागचे ड्रम

माझ्या अनुभवात या गाडीची सर्वांत जास्त गळती येथेच होते, कारण मागचे व्हील सिलिंडर चिखल आणि पाणी यांच्या सर्वांत जवळ असतात आणि त्यांचा पिस्टन हालतोही फार थोडा. हँडब्रेक सोडून, बॅकप्लेटमागील, म्हणजे ड्रममागच्या स्थिर पत्र्यामागील, चौकोनी डोक्याचा अॅडजस्टर उलटा फिरवून शू मागे घ्यावेत आणि ड्रम काढावा. ड्रम अडला तर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकावा. दोन्ही बाजूंचे शू एकाच वेळी काढू नयेत. एक बाजू जुळलेली ठेवली म्हणजे स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे तेथे जाऊन पाहता येते, आणि कोणताही फोटो तितके स्पष्ट सांगत नाही.

सिलिंडरच्या टोकाचा रबरी बूट उचलावा. आत किंचित ओलसरपणा असला तर घाबरू नये, पण थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. या सिलिंडरची किंमत पाहता त्यात किट टाकण्याचा खटाटोप मी आता करत नाही, जोडीने नवेच बसवतो. नळी सोडवताना आदल्या रात्री नटावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नळी नटाबरोबर फिरू लागली तर तेथेच थांबून ती बदलण्याची तयारी करावी.

सिलिंडर बॅकप्लेटला एका छोट्या क्लिपने धरलेला असतो, आणि या क्लिपने भल्याभल्यांना रडवले आहे. ती तीन दातांची असून सिलिंडरच्या मागील गळ्यातील खाचेत अडकते. दोन दात बसले की तिसरा निसटतो, तिसरा दाबला की पहिले दोन उठतात. पहिल्या खेपेला माझी क्लिप तीनदा उडाली आणि तिसऱ्यांदा ती तुळशी वृंदावनाच्या मातीत सापडली. त्यानंतर सुचलेली युक्ती अशी, की सिलिंडरच्या पुढच्या तोंडाला हब आणि सिलिंडर यांच्यामध्ये लाकडी पाचर मारून तो बॅकप्लेटला घट्ट दाबून ठेवावा, क्लिप खाचेवर सरळ धरावी आणि तिच्या घेराएवढा जुना सॉकेट ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश आवळावा. तिन्ही दात एकदम ‘टक्’ असा आवाज करून बसतात. डोळ्यांवरचा चष्मा या वेळी काढू नये.

फ्लुइडने भिजलेले शू पेट्रोलमध्ये धुऊन किंवा काडी लावून जाळून पुन्हा वापरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. वरवर ते कोरडे होतात, पण गरम झाल्यावर लायनरच्या आतले फ्लुइड पुन्हा पृष्ठभागावर येते. लायनर नवेच बसवून घ्यावेत, आणि तेही दोन्ही चाकांचे.

नवे फ्लुइड आणि हवा काढणे

डॉट ४ दर्जाचे फ्लुइड सील असलेल्या नव्या डब्यातून घ्यावे. गेल्या पावसाळ्यात उघडलेली बाटली कितीही भरलेली दिसली तरी ती ब्रेकसाठी निकामी समजावी. कोरड्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की त्यासाठी १५५ अंशांचीच हमी राहते. दिवे घाट उतरताना ब्रेक तापून फ्लुइडला उकळी फुटली, की त्यातली वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामे खाली जाते. रंगाला इजा करत नाही म्हणून काही जण सिलिकॉनचे डॉट ५ भरतात. ते ग्लायकॉल फ्लुइडमध्ये मिसळत नाही, त्यामुळे यंत्रणा पूर्ण उघडून, धुऊन, नवे रबर घातल्याशिवाय ते वापरू नये. डॉट ५.१ हे नाव तसेच दिसले तरी ते ग्लायकॉल वर्गातीलच आहे.

हवा काढण्यासाठी सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागच्या डाव्या चाकापासून, सुरुवात करावी. चाकापाशी हवा सोडण्यासाठी असलेल्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बरणीतील फ्लुइडमध्ये बुडवावे. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या बोअरचा खालचा भाग कधीच वापरला गेलेला नसतो, तेथे गंज बसलेला असतो, आणि हवा काढताना पेडल तळाला टेकले तर चांगला कप त्या गंजावर फाटतो. ‘काल ब्रेकचे काम केले आणि आज मास्टर गेला’ ही तक्रार बहुधा येथूनच येते.

आमच्याकडे पेडलवर माझा भाचा बसतो. मी ‘दाब’ म्हटल्यावर त्याने सावकाश दाबायचे आणि ‘धरलं’ म्हणायचे, मग मी निपल पाव आटा उघडणार, बुडबुडे थांबल्यावर बंद करणार आणि नंतरच ‘सोड’ म्हणणार. निपल उघडे असताना पाय वर आला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. दर सात-आठ दाबांनंतर टाकी भरावी, ती एकदा रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात. फ्लुइड उंचावरून ओतू नये, त्यात फेस होतो. चार चाके झाल्यावर भाच्याने, ‘मामा, पेडल विटेसारखं लागतंय,’ असे सांगितले, म्हणजे हवा निघाली. त्यानंतर अॅडजस्टर फिरवून मागचे शू ड्रमला किंचित घासतील इतके पुढे आणावेत आणि मग एक खाच मागे घ्यावेत.

काढलेले जुने फ्लुइड गटारात ओतू नये, शेवटी ते मुठेत जाते. बंद बाटलीत, इंजिन ऑईलपासून वेगळे ठेवून घातक कचरा घेणाऱ्या वर्कशॉपकडे द्यावे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरावे आणि प्रत्येक सांध्यावर पांढरा टिश्यू पेपर फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी ओल टिश्यूवर लगेच उमटते. तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी न हलवता पुन्हा करावा. दोन्ही वेळा कागद कोरडा राहिला, तर गल्लीतल्या गल्लीत, ताशी १० किलोमीटरच्या आत, हँडब्रेकवर हात ठेवून चार-सहा वेळा थांबून पाहावे. मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवून ब्रेक मुद्दाम तापवावेत आणि परत आल्यावर सर्व सांधे तिसऱ्यांदा टिपावेत, कारण काही गळत्या धातू गरम होऊन प्रसरण पावल्यावरच दिसतात. पहिल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरपर्यंत कात्रज किंवा दिवे घाटाचे नाव काढू नये.

पुढे दर दोन वर्षांनी, पावसाळा सरल्यावर सर्व फ्लुइड बदलावे. खंडेनवमीला पान्यांची पूजा होतेच, त्याच आठवड्यात हे काम उरकून बॉनेटच्या आतील बाजूस तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. गाडीखालचे पांढरे कागद मात्र दुरुस्तीनंतर आठवडाभर काढू नयेत. गेल्या वर्षी पूर्ण काम झाल्यावर चौथ्या दिवशी आमच्या कागदावर इंजिनाखाली एक डाग उमटला, तेव्हा काळजाचा ठोका चुकला. वाटीत पाणी घेतले, थेंब टाकला, आणि तो तरंगला. इंजिन ऑईल होते, आणि ते काम पुढच्या रविवारी करायचे ठरले.